नादी लागावं, पण हिशेब सोडू नये

मी भौतिकशास्त्राचा मास्तर. नोकरीची सुरुवात धुळ्यात झाली, उरलेली सगळी जळगावात गेली. अभ्यासक्रमात कधीच नव्हता असा एक विषय या सगळ्या काळात मला चिकटून राहिला. धातूच्या पोटात, खोलीच्या साध्या तापमानाला, अणूंची केंद्रकं एकमेकांत मिसळू शकतात का?

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅनली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. जड पाण्यात पॅलॅडियमचा कॅथोड बुडवून वीज सोडली तर घातल्या विजेपेक्षा जास्त उष्णता मिळते, आणि ती केंद्रकांच्या संमीलनातून येते, असं त्यांचं म्हणणं. गहजब झाला. वर्षभरात बहुतेक शास्त्रज्ञांनी ‘कोल्ड फ्यूजन’ निकालात काढलं. थोडे लोक मात्र चिकटून राहिले, आणि ‘कमी ऊर्जेच्या केंद्रकीय अभिक्रिया’ या नावाने ते काम आजही चालू आहे.

विद्यार्थी, त्यांचे पालक, रावेर-यावलकडचे केळीवाले, एखादा एमआयडीसीतला उत्साही कारखानदार, सगळेच अधूनमधून विचारतात, ‘सर, ते खरं का हो?’ एका शब्दात उत्तर देता येत नाही. या विषयामागे फिरताना आणि पोरांकडून प्रयोग करून घेताना जे पदरी पडलं, ते ओळीने सांगतो.

१. परदेशची बातमी आली की आधी आपल्या घरात काय झालं ते वाचावं

आमच्या पोरांना युटा ठाऊक असतं, ट्रॉम्बे ठाऊक नसतं. भुसावळला रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई; तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८९ साली या विषयावर जेवढं काम झालं तेवढं जगात फार थोड्या ठिकाणी झालं. डॉ. पी. के. अय्यंगार तेव्हा केंद्राचे संचालक होते. त्यांच्या आणि डॉ. महादेव श्रीनिवासन यांच्या पुढाकाराने सुमारे डझनभर गट, पन्नासेक शास्त्रज्ञ कामाला लागले. युटाच्या घोषणेला महिना व्हायच्या आत, २१ एप्रिलला, एका सेलमधून न्यूट्रॉनचे झटके नोंदले गेले. हा सेल म्हणजे हायड्रोजन तयार करण्याचं बाजारात मिळणारं यंत्र होतं, पॅलॅडियम-चांदीच्या मिश्रधातूच्या नळ्यांचं. साध्या पाण्याऐवजी त्यात जड पाणी भरलेलं. पुढे त्या पाण्यात ट्रिटियमही वाढलेलं आढळलं.

डिसेंबर १९८९ मध्ये या सगळ्या कामाचा अहवाल निघाला, ‘बीएआरसी-१५००’. त्यातल्या एका गोष्टीवर मी वर्गात नेहमी थांबतो. पाठ्यपुस्तकानुसार ड्युटेरियमची, म्हणजे जड पाण्यातल्या जड हायड्रोजनची, दोन केंद्रकं मिसळली तर दोन वाटा जवळजवळ सारख्याच वेळा घडतात. एका वाटेने ट्रिटियम आणि प्रोटॉन, दुसरीने हेलियम-३ आणि न्यूट्रॉन. म्हणजे ट्रिटियम आणि न्यूट्रॉन साधारण सारखेच निघायला हवेत. ट्रॉम्बेच्या मोजमापात एका न्यूट्रॉनमागे ट्रिटियमचे अणू साधारण कोटीच्या घरात होते.

याचे दोन अर्थ होतात. एक तर पुस्तकात नसलेलं काही तरी घडत होतं, किंवा ट्रिटियम दुसरीकडून येत होतं. जड पाण्याच्या अणुभट्ट्या जिथे आहेत तिथे ट्रिटियमचा वावर असणारच, असं शंका घेणारा म्हणेल. आणि जिथे ट्रिटियमचा वावर आहे तिथल्याच लोकांना ते मोजण्याचा हातखंडा असतो, असं बाजू घेणारा म्हणेल. मी पोरांना दोन्ही बाजू वहीत लिहायला लावतो. एकच बाजू लिहिणाऱ्याला निम्मे गुण.

अय्यंगार १९९० मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि पुढच्या काही वर्षांत ट्रॉम्बेतलं काम थंडावलं. पण विषय भारतातून पुसला गेला नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये या विषयाची सोळावी आंतरराष्ट्रीय परिषद चेन्नईत झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अय्यंगार गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये बंगळुरूच्या ‘करंट सायन्स’ने यावर विशेष विभाग काढला. इंग्रजी येणाऱ्या बी.एस्सी.च्या पोराला हे सगळं वाचता येतं. आधी हे वाचावं, मग यूट्यूब.

२. आडकाठी काय आहे ते आधी नीट समजून घ्यावं

दोन केंद्रकं, दोन्हींवर धन प्रभार. जवळ आणावं तर एकमेकांना ढकलतात. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान असतं म्हणून तिथे जमतं. मग पॅलॅडियममध्ये काय विशेष? हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शेपट हायड्रोजन शोषून घेतो. थॉमस ग्रॅहॅम या शास्त्रज्ञाने हे १८६६ मध्येच दाखवलं होतं. ऐकणाऱ्याला लगेच वाटतं, एवढा वायू एवढ्याशा जागेत कोंबला म्हणजे केंद्रकं चिकटायला आलीच असणार.

इथेच पोरांना पट्टी घेऊन बसवतो. ड्युटेरियमच्या साध्या रेणूत दोन केंद्रकांमधलं अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम. पॅलॅडियमच्या जाळीत शेजारशेजारच्या जागांवर बसलेल्या दोन ड्युटेरियममधलं अंतर साधारण २.८ अँगस्ट्रॉम. म्हणजे धातूत ती जवळ येत नाहीत, उलट जवळपास चौपट लांब बसतात. आणि त्या साध्या रेणूत संमीलन किती होतं? १९८९ मध्येच कूनिन आणि नॉएनबर्ग यांनी गणित मांडलं. एका रेणूत दर सेकंदाला ते घडण्याची शक्यता, एक भागिले एकावर साधारण चौसष्ट शून्यं, या घरातली. विश्वाचं वय सेकंदांत लिहायला एकावर सतरा शून्यं पुरतात.

हे गणित समजलं की अर्धी मुलं निराश होऊन वही मिटतात. त्यांना मी दुसरं पान दाखवतो. कमी ऊर्जेचे ड्युटेरियमचे झोत धातूंवर सोडून केलेले प्रयोग जपान आणि युरोपात झाले आहेत. त्यांत असं दिसलं, की धातूतले इलेक्ट्रॉन प्रभार झाकतात आणि त्यामुळे संमीलनाचा दर वायूतल्यापेक्षा वाढतो. ही वाढ खरी आहे, पण वर सांगितलेल्या दरीपुढे ती फार अपुरी पडते. धातूचा काहीच हात नाही असं म्हणता येत नाही, आणि त्याने किल्ला सर केला असंही म्हणता येत नाही.

३. उष्णता दिसली की लगेच विचारावं, अणू कुठे आहेत?

आकडे मांडले की हा विषय कुठे अडतो ते स्वच्छ दिसतं. पुस्तकातल्या वाटांनी संमीलन होऊन फक्त १ वॉट उष्णता निघाली, तर सेकंदाला साधारण ८५,००० कोटी न्यूट्रॉन बाहेर पडतील. अर्ध्या मीटरवर विनासंरक्षण उभा असलेला माणूस थोड्याच वेळात प्राणघातक मात्रा घेईल. कित्येक वॉट मिळाल्याचा दावा करणारे फ्लाइशमन आणि पॉन्स पत्रकारांशी हसून बोलत होते. भौतिकीवाल्यांचा मुख्य आक्षेप तिथेच होता.

यावर दुसऱ्या बाजूचं उत्तर असं, की धातूत तिसरीच वाट चालते, ड्युटेरियमपासून थेट हेलियम-४, आणि ऊर्जा गॅमा किरणांऐवजी जाळीत उष्णता होऊन मुरते. असं असेल तर १ वॉटमागे सेकंदाला साधारण २६,००० कोटी हेलियम अणू मिळायला हवेत. ऐकायला प्रचंड. पण तासभर चाललेल्या १ वॉटचा सगळा हेलियम गोळा केला तर तो साध्या दाबाला ०.०३५ घन मिलिमीटर भरतो. हवेत हेलियम असतोच, दहा लाखांत पाच भाग. म्हणजे सेलमध्ये कुठून तरी ७ मिलीलिटर हवा शिरली तर तेवढाच हेलियम आपोआप हजर!

म्हणून ‘हेलियम सापडला’ एवढ्यावर समाधान मानू नये. उष्णता वाढली तेव्हा हेलियम त्याच प्रमाणात वाढला का, उष्णता नव्हती तेव्हा तोही नव्हता का, गळती तपासली का, हे विचारावं. अमेरिकी नौदलाच्या चायना लेक प्रयोगशाळेत मेल्विन माइल्स यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला असा मेळ दाखवल्याचं सांगितलं. बाजू घेणारे तो सगळ्यात भक्कम दुवा मानतात, शंका घेणारे गळतीकडे बोट दाखवतात. वाद कुठल्या नळीच्या कुठल्या जोडावर आहे ते कळलं तरी विषय निम्मा कळला.

४. जास्तीचा वॉट आधी वायूंच्या नळीत शोधावा

जड पाणी कायद्याने नियंत्रित आहे, दुकानात मिळत नाही. पण १९९१ नंतर साधं पाणी आणि निकेल वापरूनही जास्तीची उष्णता मिळते, असे दावे आले. ते आमच्या आवाक्यातलं. निकेलची तार, पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण, केमिस्ट्रीवाल्यांकडून उसनी आणलेली प्लॅटिनमची तार आणि एक रुंद तोंडाचा थर्मास. एम.एस्सी.च्या पोरांनी प्रोजेक्ट म्हणून हे मांडलं.

इथला हिशेब नीट समजून घ्या, कारण या विषयात घसरण्याची सगळ्यात मोठी जागा हीच. पाण्यातून वीज सोडली की तिच्यातली काही ऊर्जा पाणी फोडण्यात जाते आणि हायड्रोजन-ऑक्सिजनबरोबर बाहेर निघून जाते. साध्या पाण्यासाठी हा वाटा दर अँपिअरमागे १.४८ वॉट, जड पाण्यासाठी १.५४. समजा ४ व्होल्टला अर्धा अँपिअर जातोय. आत गेले २ वॉट. त्यातले ०.७४ वायूंबरोबर गेले. थर्मासमध्ये उष्णता म्हणून राहायला हवेत १.२६. आता थर्मास सांगतोय दीड वॉट. पाव वॉट जास्त आला! पोरांचे चेहरे काय खुलले होते म्हणता! एकाने तर पेपर लिहायला घेतला.

मी एवढंच म्हटलं, वायू मोजा. पाण्याने भरलेली मोजनळी पालथी घालून वायू गोळा केला. अर्ध्या अँपिअरला तासाला दोन्ही वायू मिळून साधारण साडेतीनशे मिलीलिटर यायला हवेत, हे फॅरेडेच्या नियमावरून निघतं. आले तिसऱ्या हिश्श्याने कमी. तारा एकमेकींच्या फार जवळ होत्या. ऑक्सिजनचे बुडबुडे निकेलवर जाऊन हायड्रोजनशी पुन्हा जुळत होते आणि बाहेर जायची ऊर्जा आतच मोकळी होत होती. ०.७४ चा तिसरा हिस्सा म्हणजे पाव वॉट. हिशेब दमडीला दमडी जुळला.

जळगावच्या सराफ बाजारात जुना दागिना आटवायला दिला तर कारागीर भट्टीआधी वजन करतो, भट्टीनंतर वजन करतो आणि घट लिहून ठेवतो. आटवल्यावर सोनं भरलं जास्त, तर तो पेढे वाटत नाही, आधी तराजू पाहतो. प्रयोगशाळेत आम्ही हाच शिरस्ता ठेवला.

५. खान्देशचा उन्हाळा हासुद्धा एक प्रयोगकर्ता असतो

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. सकाळी प्रयोगशाळेत तीस अंश, दुपारी चाळीस. थर्मासभोवतीची खोलीच दहा अंशांनी तापत असेल तर आतली अर्ध्या अंशाची वाढ कशाची म्हणायची? त्यात कोरडी हवा. सेलमधून तासाला १ ग्रॅम पाणी जास्तीचं उडालं तरी ते सुमारे ०.६७ वॉट घेऊन जातं, म्हणजे आपण शोधतोय त्याच्या दुपटीहून जास्त. खोलीचं तापणं खोटी उष्णता दाखवतं आणि बाष्पीभवन खरी उष्णता लपवतं. दोन्हींची दिशा वेगळी, म्हणून ‘चुका एकमेकींना छेदतात’ असं समजून गप्प बसता येत नाही. आम्ही थर्मास पाण्याच्या मोठ्या टबात ठेवला, टबाचं तापमान वेगळं लिहिलं आणि प्रत्येक वेळी सेल तोलून किती पाणी उडालं ते काढलं.

तिसरी गोष्ट विजेची. बॅटरी एलिमिनेटरमधून येणारी वीज सपाट नसते, तिच्यात लाटा असतात. साधा मल्टिमीटर व्होल्टची सरासरी दाखवतो आणि अँपिअरचीही. दोन सरासरींचा गुणाकार केला तर खरी गेलेली ऊर्जा त्याहून जास्त असते. म्हणजे आत जास्त घातलं, लिहिलं कमी, आणि फरक ‘नवी उष्णता’ म्हणून मिरवला. आमचे साक्रीकडचे लॅब अटेंडंट हे बघून म्हणाले, ‘मीटर खोटं बोलत नही, वाचनारा बोलस.’ मग ट्रॅक्टरची बॅटरी आणली, मध्ये ऱ्हिओस्टॅट टाकला आणि तो प्रश्न मिटला.

हे काही जिल्ह्याच्या कॉलेजचंच दुखणं नाही. एप्रिल १९८९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने न्यूट्रॉन सापडल्याचं जाहीर केलं आणि थोड्याच दिवसांत मागे घेतलं. त्यांचा डिटेक्टर उष्णतेनेच जास्त मोजत होता.

६. हायड्रोजनशी सलगी करू नये

हा धडा छोटा, पण तडजोड नसलेला. इलेक्ट्रोलिसिसमधून निघणारे दोन वायू एकत्र साठले तर ठिणगीची वाट पाहत बसतात. २ जानेवारी १९९२ रोजी कॅलिफोर्नियातल्या एसआरआय इंटरनॅशनल या नावाजलेल्या प्रयोगशाळेत असाच सेल फुटला आणि अँड्र्यू रायली हा संशोधक जागीच गेला. झाकण गच्च लावायचं नाही, वायू खिडकीबाहेर सोडायचा, चष्मा काढायचा नाही, आणि रात्रभर सेल एकटा चालू ठेवायचा नाही. लोडशेडिंगनंतर वीज परत येते तेव्हा बटणाजवळ माणूस हवा.

७. ‘पुन्हा होत नाही’ याचे दोन अर्थ असतात

या विषयावरचा सगळ्यात जुना आरोप म्हणजे प्रयोग कधी होतो, कधी होत नाही. ट्रॉम्बेत ड्युटेरियम भरलेल्या टायटॅनियमच्या तुकड्यांवर काम झालं, तेव्हाही ट्रिटियम सगळ्या तुकड्यांत न सापडता मोजक्याच तुकड्यांत सापडलं. एकाच पत्र्यातून कापलेले तुकडे असे वेगळे का वागावेत?

एसआरआयच्या मायकेल मॅक्यूबर यांनी याचं एक कारण पुढे आणलं. पॅलॅडियमच्या प्रत्येक अणूमागे ड्युटेरियमचे ०.९ च्या आसपास किंवा जास्त अणू भरले तरच परिणाम दिसतो, असं त्यांचं मोजमाप. आणि एवढं भरणं फार कठीण. धातू कुणी, कसा ओतला, त्यात भेगा किती, पृष्ठभागावर काय बसलं, यावर ते ठरतं. १९८९ च्या घाईत ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांच्यातल्या अनेकांनी हे प्रमाण पुरेसं गाठलं नव्हतं, हा मुद्दा रास्त आहे.

पण हीच सबब कायमची ढाल होऊ शकते. निकाल आला तर सिद्धांत खरा, नाही आला तर धातू खराब, असं म्हणत राहिलं की हरण्याची सोयच उरत नाही. म्हणून पोरांना मी सांगतो, प्रयोगाआधी लिहा: काय दिसलं तर तुमचं म्हणणं चुकलं असं मानाल? ती ओळ कोरी असेल तर बटण दाबू नका.

८. नकाराचीही प्रत पाहावी

‘अमेरिकेने केव्हाच फेटाळलंय’ हे वाक्य मी कित्येक शिक्षकांकडून ऐकलं. मूळ कागद पाहिले तर रंग इतका गडद नाही. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीने नोव्हेंबर १९८९ मध्ये सांगितलं, की पुरावा पटण्यासारखा नाही, खास निधी नको, पण नेमक्या प्रयोगांना माफक मदत चालेल. २००४ मध्ये पुन्हा तपासणी झाली. १८ परीक्षकांत जास्तीच्या उष्णतेबद्दल जवळपास निम्मी-निम्मी विभागणी, केंद्रकीय कारणाबद्दल मात्र बहुसंख्यांना शंका.

गुगलने २०१५ पासून सुमारे ३० संशोधकांच्या गटाला १ कोटी डॉलर देऊन हा विषय नव्याने तपासायला लावला. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला की कोल्ड फ्यूजनचा पुरावा मिळाला नाही. माझ्या मते हा या विषयातला सगळ्यात मोलाचा नकार. त्यांनी नव्या जातीचे कॅलरीमीटर बनवले, धातूत ड्युटेरियम किती भरला ते काळजीने मोजलं आणि कुठवर पोचलो, कुठे पोचलो नाही, हे सांगितलं. ‘पाहिलं, दिसलं नाही’ आणि ‘इतक्या बारकाईने पाहिलं, याहून मोठं काही असतं तर दिसलं असतं’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक. आमच्या पोरांच्या प्रोजेक्टचं शेवटचं वाक्य आता दुसऱ्या प्रकारचं असतं.

९. वाफेचा हिशेब न देणाऱ्याला पैसे देऊ नयेत

जानेवारी २०११ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात आंद्रेआ रॉसी यांनी निकेल आणि हायड्रोजनवर चालणारं ‘ई-कॅट’ यंत्र दाखवलं. पाणी आत, वाफ बाहेर, आणि मधली उष्णता म्हणे कित्येक पट. आक्षेप आला तो वाफेच्या कोरडेपणावर. २० अंशांचं १ ग्रॅम पाणी १०० अंशांना न्यायला साधारण ३३५ ज्यूल लागतात, त्याची पूर्ण वाफ करायला आणखी २,२५७. नळीतून बाहेर पडणारं प्रत्यक्षात उकळतं पाणीच असेल आणि तुम्ही सगळी वाफ धरली, तर उष्णता जवळपास आठ पट फुगते. पुढे रॉसी आणि पैसे गुंतवणारी अमेरिकी कंपनी कोर्टात उभे राहिले, २०१७ मध्ये तडजोड झाली. सर्वमान्य, स्वतंत्र पुरावा पुढे आला नाही.

पाण्यावर चालणारी मोटारसायकल, बिनइंधनाचं जनरेटर घेऊन येणारे आमच्याकडेही येतात. कुणाचा अपमान करायचा नाही. बहुतेकांची भावना प्रामाणिक असते, हात कुशल असतात. मी तीनच गोष्टी मागतो: आत काय जातं ते माझ्या मीटरने मोजू द्या, बाहेर काय येतं ते बादलीत घेऊ द्या, आणि यंत्र दिवसभर माझ्यासमोर चालू द्या. तिन्हींना ‘हो’ म्हणणाऱ्याला चहा, जेवण आणि माझा पूर्ण वेळ. ‘आधी शेअर घ्या’ म्हणणाऱ्याला फक्त चहा.

१०. आजचं बिल आजच्या साधनांनी भरावं

१९८९ मध्ये वर्तमानपत्रं लिहीत होती, की आता घरोघरी समुद्राच्या पाण्यातून वीज. त्यानंतर आमच्या मुलखात वीज खरंच आली, पण दुसऱ्या रस्त्यांनी. भुसावळजवळ दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन नवे कोळशाचे संच उभे राहिले. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात डोंगरांवर पवनचक्क्या आल्या, शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प झाला. शेतात सौरपंप दिसू लागले. यांतलं एकही साधन अणुकेंद्रकाच्या नव्या गूढावर थांबून राहिलं नाही, आणि थांबायचं कारणही नव्हतं. ‘एवढी मोठी गोष्ट दाबली गेली, नाही तर बिलं शून्य झाली असती’ असं म्हणणाऱ्याला मी शेजारच्या शेतातला सौरपंप दाखवतो. मोठ्या कंपन्यांना तोही सोयीचा नव्हता, पण तो चालतो, म्हणून आला.

११. प्रश्न मोठा असेल तर त्याचा लहान तुकडा पकडावा

सध्या हा विषय कुठे आहे? २०२३ मध्ये अमेरिकी सरकारच्या आर्पा-ई या संस्थेने आठ प्रकल्पांना मिळून १ कोटी डॉलर दिले, हेतू हा की खरं-खोटं एकदाचं स्वच्छ व्हावं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा प्रयोग आला. प्रमुख कर्टिस बर्लिंगेट, म्हणजे गुगलच्या पैशांवर ‘पुरावा मिळाला नाही’ असं लिहिणाऱ्यांतलेच. यावेळी त्यांनी प्रश्न लहान केला. पॅलॅडियमवर एका बाजूने ड्युटेरियमचे वेगवान आयन सोडायचे, त्यामुळे थोडं संमीलन होतंच. आता दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रोलिसिसने ड्युटेरियम भरला तर दर वाढतो का? वाढला, सुमारे १५ टक्क्यांनी. साक्षीला न्यूट्रॉन. यंत्राला १५ वॉट लागले आणि संमीलनातून मिळाला साधारण एक अब्जांश वॉट. वीजनिर्मितीच्या दृष्टीने शून्यच. पण एका व्होल्टच्या रसायनशास्त्राने केंद्रकाच्या दुनियेत मोजता येईल एवढा फरक पाडला, आणि तो त्यांनी न्यूट्रॉन मोजून दाखवला. फ्लाइशमन-पॉन्स खरे ठरले असा याचा अर्थ नाही. आयन वेगवान होते. पण प्रश्न विचारण्यासारखा आहे, एवढं तरी यातून नक्की झालं.

आमच्याकडच्या कॉलेजांना, विद्यापीठाला याच चालीने जाता येईल. मोठा दावा आपल्या ऐपतीबाहेरचा आहे. जड पाणी नाही, न्यूट्रॉन डिटेक्टर नाही. पण निकेलमध्ये हायड्रोजन किती, कसा, किती वेगाने शिरतो, हे मोजणं ऐपतीतलं आहे. हायड्रोजन साठवायला, त्याची गळती ओळखणारे सेन्सर बनवायला हे ज्ञान आजच उपयोगी पडतं, आणि तारेचा विद्युतरोध किती बदलला यावरून ते बऱ्यापैकी काढता येतं. ज्याला पुढे जायचंय त्याला मुंबई आहे, चेन्नई आहे, जपानातलं सेंदाई आहे.

ज्याला यात उतरायचंय त्याने पहिला महिना निकेल पाण्यात बुडवूच नये. थर्मासमध्ये साधा रेझिस्टन्स ठेवून एक वॉट घालावा आणि एक वॉटच परत मिळतो का, ते पाहावं. सकाळी, दुपारी, रात्री. पंखा चालू असताना आणि बंद असताना. ते आकडे स्थिरावले की मगच तारेला हात लावावा. हे कंटाळवाणं काम ज्याच्याने होत नाही, त्याने दुसरा प्रोजेक्ट घ्यावा, आणि ज्याला त्यात गोडी वाटते त्याला मी प्लॅटिनमची तार पुन्हा उसनी आणून देतो.